एक नंबर मोठी बंडी

दाजी, तुमच्या तेराव्याची पंगत अजून उठली नव्हती, तोवर सुभेदारांनी जाहीर करून टाकलं की टीमची नवी बंडी तुमच्या स्मरणार्थ घ्यायची, आणि ती तुम्ही म्हणत होता तीच घ्यायची. लार्ज. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी डोळे पुसले. मी बुंदी वाढत होते, तशीच डाव हातात धरून उभी राहिले. म्हटलं, झालं! वर्षभर ज्या माणसाशी ह्या एकाच गोष्टीवरून भांडले, तो भांडण अर्धवट टाकून गेला आणि गेल्या गेल्या जिंकलासुद्धा. हा कुठला न्याय?

जिवंतपणी तुमचं चुकलं की मी तोंडावर सांगायची. तुम्ही चिडायचा, पान थुंकून यायचा, पुन्हा तेच बोलायचा. आता तुमच्या फोटोला हार आहे. हार घातला की माणसाचं काहीच चुकत नाही म्हणे. तुमच्याशी भांडायचं तर अख्ख्या म्हसवडशी भांडावं लागतंय, आणि वर लोक म्हणतात, सख्खी मेव्हणी असून जरा तरी दुःख हाय का बघा हिला. दुःख आहे हो. लय आहे. पण त्याच्याआधी डोकं फिरलंय माझं.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते, तेवढा वेळ तुम्ही गप्प बसा. बंडी म्हणजे पाणबुड्याचं जॅकेट. दुकानदार त्याला बीसीडी म्हणतो. तुम्ही पहिल्यांदा बघितल्यावर म्हणालात, "ही तर आमच्या आज्ज्याची बंडी," आणि टीममध्ये तेच नाव पडलं. बिनबाह्यांची, आत हवेची पिशवी, आणि पाठीवर सिलिंडर तिलाच आवळलेला. डाव्या खांद्यावरून एक नळी येते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की पिशवीत हवा भरते, माणूस वर. दुसरं दाबलं की हवा सुटते, माणूस खाली. खाली श्वास सिलिंडर देतो, पण वर आणते ती बंडी. म्हणून तर एवढं भांडण.

आपली टीम म्हणजे तरी कोण? तुम्ही, म्हसवडचे, मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीत पंप सोडता सोडता बुडालेली माणसं काढायला लागलात, आणि मग ते कामच मागं लागलं. मी सांगलीची, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली, आता पोरींना तलावात शिकवते. आष्ट्याचा दस्तगीर, ज्याचा टेम्पो, जो पुरात बेधडक उडी मारतो पण विहिरीत उतरायचं म्हटलं की पांढरा पडतो. आणि फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, जे पाण्याला पाय लावत नाहीत पण सगळ्यांना ऑर्डर देतात. मालवणला जाऊन तुम्ही आणि मी रीतसर शिकून आलो. तिथं मला मापाची बंडी मिळाली होती. खाली गेले आणि वाटलं, ह्यासाठीच जन्माला आले.

मग आपल्या टीमला एक जुनी बंडी मिळाली, लार्ज. तिची पिशवी गळायला लागली तर तुम्ही आणि दस्तगीरनं तिला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ मारलं. पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघितले. वर खंडेनवमीला तिची पूजा केलीत ती नेमकी बटणावर हळदकुंकू वाहून! बटण चिकटलं, हवा भरतच राहिली, आणि तुम्ही विहिरीतून बुचासारखे वर आलात. मी हसून हसून खाली बसले. तुम्ही म्हणालात, "देवीनंच वर काढलं." कुंकवानं अडकवलं आणि देवीनं काढलं. तुमच्याशी बोलून उपयोग नव्हता.

ती बंडी तुमच्या अंगाची. मला ती घोट्यापर्यंतच यायची बाकी होती. म्हणून विहिरीवर तुम्ही खाली आणि मी वर, दोरी धरून. कायम. नवीन घ्यायचं ठरलं, गावोगावची वर्गणी आली, तेव्हा म्हटलं, चला, आता माझ्या मापाची येईल. तर तुम्ही म्हणालात लार्जच घेऊ, सगळ्यांना हुईल.

तुमचं एक वाक्य होतं. मोठं आवळून घालता येतं, बारकं ताणून घालता येत न्हाई. ऐकायला किती शहाणं वाटतं! ह्याच वाक्यावर तुम्ही आयुष्यभर एक नंबर मोठ्या वस्तू आणल्या. तुमचं हेल्मेट भुवयांवर यायचं. दिवाळीला मला आणलेल्या ड्रेसमध्ये मी आणि माझी थोरली बहीण, आक्का, दोघी मावलो असतो. आक्काच्या चपलांचं तर विचारूच नका. पोरांना वाढत्या अंगाचं घेतात ते समजतं. पण पन्नाशीला आलेली बाई कुठं वाढायची होती?

दुसरं भांडण बंडीच्या जातीचं. मला पाठीवर पिशवी असलेली पाहिजे होती. पाण्याखाली माणूस आडवा, सरळ राहतो, नदीच्या धारेत बरं पडतं. तुम्हाला जॅकेटवाली पाहिजे होती, कुशीत आणि छातीशी हवा भरणारी, पाण्यावर उभं धरणारी. तुम्ही म्हणायचा, "नंदे, तुमच्या सांगलीत पाणी माणसाकडं येतंय. आमच्या माणदेशात माणूस पाण्याकडं खाली जातंय. विहिरीत पवायचं कुठं असतंय? उतरायचं आन् यायचं." मी म्हणायची, पूर येतो तेव्हा विहिरी कोण विचारतंय? तुम्ही म्हणायचा, पूर कवातरी येतोय, विहीर रोज हाय.

शेवटी दुकानदारानं दोन्ही नमुने पाठवले. दोन्ही लार्ज. कारण फोन तुम्ही केला होता! आष्ट्याला दस्तगीरच्या मामाच्या विहिरीवर आपण गेलो. वरपर्यंत पाणी, कडेला ऊस. पाठीवरच्या पिशवीची आधी तुम्ही घातलीत. हवा भरली आणि तिनं तुम्हाला मागून ढकलून पालथं केलं. तोंड पाण्यात. थुंकत, शिव्या देत वर आलात. "ही मला पाणी पाजतीया गड्या!"

"हवा जास्त भरली तुम्ही," मी वरून ओरडले.

"मग तू ये की खाली!"

मी आलेच. पट्ट्या होत्या तेवढ्या ओढल्या, तरी माझ्या आणि बंडीच्या मध्ये आख्खी मूठ जात होती. पाण्यात उतरून बटण दाबलं. बंडी वर आली, मी खालीच राहिले. खांदे कानांच्या वर गेले, हनुवटी आत बुडाली, आणि सिलिंडर मागून टाळक्यात बसला. दस्तगीर हसला. सुभेदार हसले. तुम्ही तर मांडीवर थाप मारून म्हणालात, "कासव झालं की गं तुजं!"

मला हसू आलं नाही, दाजी. मी विचारलं, सगळ्यांना हुईल म्हणजे कुणाला? दस्तगीर माझ्याएवढाच, सुकट बोंबील. सुभेदार उतरत नाहीत. सगळे म्हणजे तुम्ही एकटेच ना? तुम्ही टॉवेलनं डोकं पुसत राहिलात. मग जॅकेटवाली घालून पुन्हा उतरलात. ती तुम्हाला बरोबर बसली. पाण्यावर ताठ उभे राहिलात, दोन्ही हात वर करून दाखवलेत, "बग, हात मोकळं!" मला ते दिसलं होतं. चांगलं दिसलं होतं. पण मी मुद्दामच उसाकडं बघत बसले.

आणि मग वडूजच्या पलीकडची ती विहीर.

माहेरी आलेली लेक. पाणी भरताना पायरीवरून पाय घसरला म्हणाले. तुम्ही त्याच ठिगळाच्या बंडीत उतरलात, काळ्या पाण्यात हातानं चाचपत फिरलात, आणि तिला आणलंत. वर घेतली तेव्हा तिच्या अंगावरचं सगळं गुंडाळून गळ्याशी आलं होतं. काठावर एवढी माणसं. मोबाईल वर झालेले. तिची आई किंचाळली, "माज्या लेकीकडं बगू नका रं!" आणि तिनं स्वतःचा पदर सोडून पोरीवर टाकला. तुम्ही भिजलेले, धापा टाकताय, तरी गर्दीवर गरजलात, "तोंडं फिरवा! फिरवा म्हणतो न्हवं!" माझ्या हातात दोरी. मी दोरी सोडू शकत नव्हते. ते मला अजून सहन होत नाही.

परत येताना टेम्पोत मी म्हटलं, "मी खाली असते तर पाण्यातच तिला गुंडाळून वर आणली असती."

"खाली काय दिसतंय व्हय? हाताला लागंल ते धरायचं असतंय."

"बाईच्या हाताला बाईचा पदर कळतो, दाजी."

तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. दस्तगीर उगीचच गियर बदलत होता. तसंच बाहेर बघत म्हणालात, "बंडी मोठी हुती तुला."

"मग बारकी घ्या!"

"आन् खाली काय इपरीत झालं तर तुज्या आक्काला काय सांगू मी?"

"आक्काला विचारलं का कधी?"

"त्यात इचारायचं काय?"

बस. आपलं भांडण तिथं थांबलं. म्हणजे मापाचं भांडण नव्हतंच ते. लार्ज घेतली की मी आपोआप वर, आणि तुम्हाला 'नको जाऊ' म्हणायचा वाईटपणाही नको. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी वाट बघत होते की कधीतरी सरळ तोंडानं बोलाल, मग मीही सरळ बोलेन. आणि तुम्ही काय केलंत? पावण्याच्या लग्नात, वडूजच्या मांडवात, आमटीची बादली घेऊन पंगतीत वाढता वाढता म्हणालात, "जरा बसतो." बसलात, ते बसलातच. एवढ्या विहिरींनी तुम्हाला सोडलं, आणि दुष्काळी मुलखात, कोरड्या मांडवात गेलात. हातातली बादली सांडू नये म्हणून नीट खाली ठेवली होतीत, असं आक्का सांगते. आमटी सांभाळलीत. आम्हाला टाकून दिलंत.

बरं, तुम्ही गेलात म्हणजे लार्ज तरी जावी की नाही? ज्याला एकट्याला ती बसत होती तोच राहिला नाही. मी सुभेदारांना तेच म्हटलं. तुमच्या दुकानात बसलो होतो, जळक्या वायरींच्या वासात. सुभेदार म्हणाले, "मॅडम, सेंटी होऊ नका. पुढं टीममध्ये कोण तगडा जवान आला तर? मोठं आवळता येतं, बारकं ताणता येत न्हाई. आन् दाजींची लास्ट विश म्हंजे ऑर्डर."

"ज्याला बसते तो न्हाई, आणि जो अजून आला न्हाई त्याच्यासाठी बंडी घ्यायची?"

"ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

तुमचंच वाक्य, दाजी! तुम्ही नाही तर तुमचं वाक्य मला आडवं आलं. मी दस्तगीरकडं बघितलं तर तो जमिनीकडं बघत होता. मला रडू यायला लागलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, निव्वळ संतापाचं होतं.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली. कपांचा ट्रे ठेवला, दारापर्यंत परत गेली, आणि पायातली एक चप्पल काढून आणून सुभेदारांच्या समोर टेबलावर ठेवली. चहाच्या शेजारी. सुभेदार खुर्चीसकट मागं सरकले.

"घाबरू नगा, मारत न्हाई," आक्का म्हणाली. "बगा ह्यात." पुढच्या बाजूला चिंधी कोंबली होती. "लग्न झाल्यापास्नं ह्या माणसानं मला एक नंबर मोठी चप्पल आणली. जीव लय होता, माप न्हवतं. रानात पडले, बांधावर पडले, एकदा हात मोडला. बोलले न्हाई. म्होरं चिंधी घातली आन् चालले. जमिनीवर पडलं तर माणूस उठतंय. पाण्यात उठायला हीच बंडी हाय न्हवं? मग ती तरी मापाची आणा."

मग ती माझ्याकडं वळली. तुमची आक्का, जिनं कधी विहिरीच्या कठड्यापर्यंतही पाऊल टाकलं नव्हतं.

"आन् माजं नाव फुडं करून हिला वर ठिवत हुते. मला कवा इचारलंवतं? आता इचारा. मी व्हय म्हणते."

सुभेदार उठून उभे राहिले, टोपी नीट केली, आणि म्हणाले, "राइट." मग खाली बसून चहा प्यायले, चप्पल तशीच समोर.

मी जिंकले म्हणायला हरकत नाही. पण आनंद झाला नाही, उलट घरी जाऊन आक्कावर ओरडले. म्हटलं, दाजी असताना हे का बोलली नाहीस? ती म्हणाली, "त्यांच्या तोंडावर मला त्यांचं काई मोडवत न्हवतं." ऐका. तुम्ही तिच्यासाठी गप्प, ती तुमच्यासाठी गप्प, आणि मधल्या मध्ये मी दोरी धरून उभी. एवढं प्रेम असून दोघांनी एकमेकांना साधी एक गोष्ट विचारू नये?

दुकानदारानं फोनवर विचारलं, कुठली पाठवू, पाठीवरची की जॅकेटवाली? आडवं यायला कुणी नव्हतं. मी पाठीवरची म्हणू शकत होते. तोंडातून 'जॅकेटवाली' गेलं. "स्मॉल," एवढं मात्र ठासून सांगितलं. आली तेव्हा आक्कानं हळदकुंकू आणलं. मी बटणावर हात झाकून धरला. तिनं पट्टीच्या बकलाला बोट टेकवलं, तेवढंच.

गेल्या आठवड्यात म्हसवडच्या पुढच्या एका वस्तीवरनं बोलावणं आलं. म्हातारी होती, विहिरीत. आक्का आपणहून टेम्पोत येऊन बसली. जुनी सुती साडी निम्मी फाडून, घडी करून तिनं माझ्या बंडीच्या खिशात कोंबली. तुम्ही जुन्या बंडीच्या खिशात सुपारी ठेवायचा, तशी. दस्तगीरनं दोरी बांधली. त्यानं गाठ तीनदा ओढून बघितली, मी एकदाच. मी हवा सोडली आणि खाली गेले.

खरंच काही दिसत नाही, दाजी. ते तुम्ही बरोबर सांगत होता. गाळ, थंडी, आपल्याच श्वासाचा आवाज. मग हाताला काठ लागला. लुगड्याचा. मी तिथंच थांबले. चाचपून तिला नीट केलं, पदर खाली ओढला, आक्काची साडी भोवती घेतली आणि कंबरेशी गाठ मारली. तिच्या हातातल्या बांगड्या माझ्या बोटांना लागत होत्या. मग दोरीला हिसका दिला.

वर येऊन बटण दाबलं. बंडीनं मला ताठ उभं धरलं, तोंड पाण्याच्या वर, दोन्ही हात मोकळे. तुम्ही म्हणाला होता तसे. आणि खांदे कानांशी आले नाहीत, सिलिंडर टाळक्यात बसला नाही. मी म्हणाले होते तसं. दोन्ही हातांनी म्हातारीला धरून मी दोरीच्या जाळीत ठेवली. वर घेतली तेव्हा कुणाला तोंड फिरवायला सांगावं लागलं नाही. तिचा मुलगा वाकून मला म्हणाला, "आईला झाकून आणलासा, ताई." आक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी कठड्यावर बसले, पट्ट्या सोडायला लागले आणि सवयीनं उजवीकडं बघितलं. तुम्ही तिथं उभं राहून काहीतरी खोट काढणार म्हणून. गाठ सैल मारलीस, लय वेळ लावलास, काहीतरी. माझी उत्तरं तयार होती. उजवीकडं दस्तगीर दोरी गुंडाळत होता.

आक्कानं व्हय म्हटलं. सुभेदारांनी राइट म्हटलं. दस्तगीरनं तर आता माझं नाव पाणबुडी ताई पाडलंय. मला ज्याच्या तोंडून पाहिजे होतं, तो आमटीची बादली नीट ठेवून निघून गेला. 'नंदे, जा तू खाली' एवढंच म्हणायचं होतं हो. चिडून म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढं ऐकायचं राहिलं, दाजी. बाकी सगळं मापात बसलं.